हाकेचं नाव

"माऊली, जरा सरकून."

"माऊली, चपला तिकडं काढा."

"ओ माऊली, सुटे द्या की."

देहूफाट्याला बसमधून उतरल्यापासून महाद्वारापर्यंत पोचेस्तोवर मला अकरा हाका आल्या. मोजल्या, कारण यंदा तेच काम अंगावर घेतलं होतं. अकराही वेळा नाव एकच. रिक्षावाला माऊली म्हणाला, तुळशीमाळा विकणारी बाई माऊली म्हणाली. इंद्रायणीच्या पुलावर एका सत्तरीच्या आजोबांचा धक्का लागला, तर ते वाकून माझ्या पायाला हात लावायला लागले. मी संकोचून मागे सरले. "अहो आजोबा, मी लहान आहे तुमच्याहून." "माऊलीला काय वय असतंय?" म्हणाले आणि गर्दीत मिसळून गेले.

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द होता: नाव. "नावांचे अर्थ सांगणारा लेख नको," ते म्हणाले, "ती पुस्तकं एसटी स्टँडवर मिळतात. कुठंतरी जा, बसा, ऐका." मी आळंदी निवडली. नाम आणि नाव हे दोन शब्द इतके अंगाला अंग लावून दुसऱ्या कुठल्या गावात राहत असतील असं वाटेना. शिवाय हे गाव आता एकटं राहिलेलं नाही. एका अंगाला भोसरी-मोशी, दुसऱ्या अंगाला चाकण. पहाटे काकडा करणारं गाव आणि पहाटे पहिल्या पाळीची बस पकडणारं गाव एकाच गल्लीत नांदतं. श्रावणातली वद्य एकादशी गाठली. पंढरीची वारी शुद्ध एकादशीची, आळंदीची वद्य. त्यानंतर आणखी तीनदा गेले.

एक आधीच सांगते. इथे भेटलेल्या कुणाचंही नाव या लेखात नाही. पहिल्या दिवशी चहावाल्या काकांना विचारलं होतं, "तुमचं नाव छापू का?" ते म्हणाले, "छापा की, माऊली म्हणून." मग तोच नियम सगळ्यांना लावला.

पहिली पायरी

महाद्वारात वारकरी आधी पायरीशी वाकतो. ती हैबतबाबांची. हैबतराव पवार सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. सगळं सोडून आळंदीला आले आणि घोडे, तंबू, दिंड्यांचा क्रम असा आज आपण बघतो तो माऊलींचा पालखी सोहळा १८३२च्या सुमारास त्यांनी लावून दिला. फौजेची शिस्त भजनाला दिली म्हणा ना.

त्यांचं नाव मात्र वारकऱ्याचं नाही. 'हैबत' हा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. अर्थ धाक, दरारा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा ते. आईबापांनी शत्रूने घाबरावं म्हणून नाव ठेवलं, आणि मुलगा जाऊन लोकांच्या पायाशी बसला. तिथे रांगेत उभ्या असलेल्या दोघातिघांना मी विचारलं, हैबत म्हणजे काय? "संतांचं नाव," एक बाई म्हणाल्या. शब्दकोशापेक्षा त्यांचं उत्तर जास्त बरोबर आहे असं मला तेव्हाही वाटलं, अजूनही वाटतं.

मराठी घरांत अशी नावं ढिगाने आहेत. दौलतराव, हिंमतराव, साहेबराव, फत्तेसिंग. आपल्याला ती अस्सल मातीतली वाटतात आणि आहेतही. मातीत काय काय मिसळलेलं असतं एवढंच. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं बखरी सांगतात. पुढे शहाजींच्या मुलाचं नाव शिवनेरीच्या शिवाई देवीवरून शिवाजी पडलं, असं परंपरा मानते. एका पिढीत पीर, पुढच्या पिढीत देवी, आणि मागणं दोन्हीकडे सारखंच: पोर जगू दे.

पालखीचा रथ ओढायचा मान आळंदीतल्या घराण्यांकडे पाळीपाळीने जातो. बैल कुणाचेही असोत, जोडीला लोक कौतुकाने सर्जा-राजा म्हणतात. सर्जा म्हणजे सिंह, तोही फारसीतूनच आलेला. म्हणजे माऊलींच्या रथाला एका बाजूला संस्कृत जुंपलेली असते, एका बाजूला फारसी.

बा, माऊली आणि एक रेडा

आता आतल्या नावाकडे. ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, ज्ञानोबा, ज्ञानबा, ग्यानबा. पोथीपासून टाळापर्यंत येता येता नाव कसं झिजून गुळगुळीत होतं ते या पाच पायऱ्यांत दिसतं. यातला शेवटचा 'बा' म्हणजे बाप. विठोबा, खंडोबा, तुकोबा या सगळ्यांत तोच. ज्याच्याशी आपलं घरचं नातं त्याला बा लावायचा. आणि मग पुढे 'माऊली', म्हणजे आई. 'ज्ञानोबा माऊली' म्हणताना माणूस एका दमात बापालाही हाक मारतो आणि आईलाही. ज्याला मारतो तो लग्न न केलेला मुलगा, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, १२९६ साली इथेच समाधी घेतलेला.

चार भावंडांची नावं कीर्तनकारांना फार प्रिय. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी मागे फिरणं, मग कळणं, मग जिना, मग सुटका. चार नावांत सगळी वाट. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेऊन बसलेले, गुरूंनी परत संसारात धाडलेले. त्या माणसाने ही नावं ठेवली याला वेगळं वजन आहे. तरी मला एक कुशंका येते. १२७३ साली थोरला झाला तेव्हा सहा वर्षांनी येणाऱ्या मुलीचं नाव बापाने ठरवून ठेवलं असेल? की आयुष्यं घडली आणि मग नावांना अर्थ चिकटले? सोपानदेवांची समाधी सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला. मुक्ताबाई तापीकाठी गुप्त झाल्या आणि त्या मुलखातल्या एदलाबादचं पुढे मुक्ताईनगर झालं. माणसाला नाव देता येतं, गावाला माणसाचं नाव देता येतं, पण अर्थ बहुतेक नंतर येतो, चालत.

नावात काय आहे, हा वाद मराठीत पैठणच्या घाटावर झाला, आणि त्यात रेडा होता. शुद्धिपत्र मागायला आलेल्या पोरांना तिथल्या कुणी हिणवलं: ज्ञानदेव म्हणे! तो पाण्याची पखाल वाहणारा रेडा बघा, त्याचंही नाव ज्ञानाच आहे. पुढे त्याच रेड्याने वेद म्हटले ही कथा मराठी मुलाला अक्षरओळखीच्या आधीच कळलेली असते. लोकांच्या लक्षात चमत्कार राहतो. मला त्याआधीचा टोमणा जास्त खरा वाटतो, कारण तो गावातला टोमणा आहे: तुझ्या नावाचं जनावर आमच्याकडे आहे. यावर ज्ञानदेवांनी नावाचा अर्थ सांगत बसण्याऐवजी 'त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही' असं उत्तर दिलं, म्हणून गोष्ट उरली. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. नाशिक रस्त्याने जाताना पाटी दिसते. जनावराला नावासकट समाधी मिळालेली अशी ठिकाणं फार नसतील.

एकशे आठ अक्षरं

मरकळ रस्त्याच्या आत एका चाळीत दोन खोल्यांमध्ये बारसं होतं. मुलीचा बाप परभणीकडचा, चाकणला कामाला. आई इथल्याच एका शिवणकामाच्या दुकानात. गच्चीवर पत्र्याखाली पाळणा टांगलेला, खालून ट्रकांचे हॉर्न. पाळण्यात आधी वरवंटा घातला. टोपडं घातलेला, कुंकू लावलेला दगडाचा वरवंटा. पाळण्याखालून, वरून त्याची देवघेव झाली, मग बाळाची. मग आत्या वाकली, बाळाच्या कानाशी कुर्रऽऽ केलं, नाव सांगितलं आणि मागच्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धपाट्यांनी की कशाने कोण जाणे. घुगऱ्या वाटल्या.

नाव ठरलं कसं? गुरुजींनी पंचांगातलं अवकहडा चक्र काढलं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर. अक्षरं एकशे आठ, जपमाळेच्या मण्यांइतकी. मुलगी रोहिणीवरची. रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू. पहिला चरण, म्हणजे 'ओ'. आळंदीत जन्मलेल्या मुलीला 'ओ'वरून काय सुचेल हे मी लिहायला नको. ज्ञानेश्वरीत त्या नऊ हजार आहेत.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. शेजारची बाई हसत सांगत होती, तिचा मुलगा हस्त नक्षत्राचा. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, आणि त्याच्या वाट्याला आला नेमका 'ण'. 'ण'वरून नाव दाखवा आणि हजार रुपये मिळवा. आर्द्रेत 'ङ' आहे, उत्तराभाद्रपदेत 'ञ'. ज्या अक्षरांनी मराठीत एकही शब्द सुरू होत नाही ती आकाशाने माणसांच्या पोरांना वाटून ठेवली आहेत. गुरुजी मग जवळचं अक्षर काढून देतात, ते राशीचं नाव म्हणून पत्रिकेत राहतं आणि हाक मारायला भलतंच काहीतरी येतं. त्या मुलाचं आलं ते टीव्हीवरच्या मालिकेतून.

मंदिराबाहेरच्या दुकानात हरिपाठाच्या शेजारी बाळाच्या नावांची पुस्तिका मिळाली. चाळून बघितली. मधल्या एका पिढीत आपण संस्कृत कोशातून नावं काढायला लागलो आणि अर्थ कंसात छापायची पाळी आली. दगडू किंवा यमुनेला कंस लागत नव्हता. माझ्या आजीच्या बहिणी चार: गंगू, गोदा, कृष्णा, भागीरथी. घर होतं की नकाशा. आता नद्यांची नावं मुलींना फारशी देत नाहीत. इंद्रायणीच्या घाटावर उभं राहून पाण्यावरचा पांढरा फेस पाहिला की त्याचं फार आश्चर्यही वाटत नाही.

पण देवाचं नाव पोराला का देतात, याचं उत्तर पुस्तिकेत नसतं. ते मला घाटावर एका पंधरा वर्षांच्या 'महाराजां'नी दिलं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. आता तशा लहानमोठ्या कितीतरी संस्था गावात आहेत, आणि मराठवाड्यातली शेतकऱ्यांची पोरं पांढरं धोतर नेसून पखवाज-गायन शिकतात. इथे पाऊल ठेवलं की पोराचं नाव बदलतं. दहा वर्षांच्या मुलालाही सगळे 'महाराज' म्हणतात. "महाराज, दुधाची पिशवी आणा," असं मी स्वतः ऐकलं. पुढे कीर्तनं करायला लागला की फ्लेक्सवर आधी ह.भ.प. आणि शेवटी गावाचं नाव. मधलं आईबापांनी ठेवलेलं नाव बारीक अक्षरांत.

तर हे महाराज अजामिळाची गोष्ट सांगायला लागले, मांडी ठोकून, सरावासारखी. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आयुष्यभर नको ते करत राहिला. धाकट्या मुलाचं नाव तेवढं नारायण होतं. मरताना यमदूत दिसले तशी भिऊन त्याने मुलाला हाक मारली, आणि तेवढ्या नामावर सुटला. "म्हणून पोराचं नाव देवाचं ठेवायचं," महाराज म्हणाले. "दिवसातून शंभरदा हाक मारता ना? मग जप वेगळा करायला नको." घरात पांडुरंग, विठ्ठल, ज्ञानेश्वर, तुकाराम का असतात याचं इतकं व्यवहारी कारण मी ऐकलं नव्हतं. ओरडलं तरी चालतं. पोराला शिव्या घालतानाही सुरुवात देवापासून होते.

धोंडू जगतो

त्या बारशातला वरवंटा माझ्या डोक्यातून जात नव्हता. बाळाच्या आधी पाळण्यात दगड का? चाळीतल्या सगळ्यात थोरल्या आजींना विचारलं. "दृष्ट दगडाला लागंल," एवढंच म्हणाल्या. ज्या घरी मुलं जगत नसत त्या घरी दगडच नावात यायचा: दगडू, धोंडू, धोंडीबा, धोंडाबाई. भीक मागून आणलं असं दाखवायचं तर भिकाजी, भिकूबाई. केरात टाकलेलं तर केरबा. मुलाचं नाक टोचून मुलगी असल्याची बतावणी, म्हणून नथू. ही नावं ठेवणाऱ्यांना अर्थ पक्का ठाऊक होता, आपल्याइतकाच, किंबहुना जास्त. फक्त तो आपल्यासाठी नव्हता, दारावरून जाणाऱ्या मृत्यूने वाचावा म्हणून लिहिलेला होता: इथे नेण्यासारखं काही नाही. धोंडो केशव कर्वे एकशे चार वर्षं जगले. युक्ती कधीकधी लागूही पडायची.

याच शब्दांची दुसरी बाजू काळी आहे. नकुसा. मुलगी नको होती म्हणून नकुसा. मृत्यूला फसवणाऱ्या नावात माया लपलेली असते. या नावात लपवायला काही नव्हतं, ते मुलीलाच उद्देशून होतं. आणि ते रोज, शाळेच्या हजेरीत, मोठ्याने. साताऱ्यात ऑक्टोबर २०११मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलली. त्यातल्या कितीतरी मुलींनी नवं नाव स्वतः निवडलं. काहींनी सिनेनटीचं घेतलं. त्यावर तेव्हा हसलेले लोक मला आठवतात. हसण्यासारखं काय होतं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, तुला काय म्हणू?

नावातून अपमान पुसायचं सर्वांत मोठं काम मात्र त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या पिढीच्या हजेरीपटात सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा, मिलिंद आले. ज्यांना गाव अर्ध्या, तोडलेल्या नावाने हाक मारायचं त्यांच्या घरी ही भरली नावं आली, आणि ती तोडून म्हणायला सोपी नव्हती. 'मिलिंद' तर थेट ग्रीक राजा मिनँडरचं पाली रूप. आज ही नावं कुणाच्याही घरी सापडतात. ती कुठून आली हे कुणी विचारत नाही.

सुनेच्या तोंडी काय

मराठी पुरुषांना इतकी टोपणनावं का? बाळासाहेब, नानासाहेब, दादा, अण्णा, अप्पा, बंडू. एका आजींनी मला याचं सगळं गणित भाजी निवडता निवडता सांगितलं.

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत. नाव द्यायला घर मोकळं, पण त्या नातवाची आई कोण? आजोबांची सून. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. म्हणजे तिला स्वतःच्या पोराला हाक मारता येईना. पोर चुलीकडे रांगत निघालंय आणि आई नाव शोधतेय. मग बाळ, बाबू, नाना. हे हाकेचं नाव पोराला जन्मभर चिकटतं आणि पाळण्यातलं नाव पत्रिकेत झोपतं.

आजींनी पेशव्यांचा इतिहास वाचलेला नव्हता, पण त्यांचं गणित तिथे बरोबर बसतं. बाळाजी विश्वनाथांच्या थोरल्या मुलाचं मूळ नाव विसाजी, म्हणजे आजोबा विश्वनाथांचंच. तोच पहिला बाजीराव. बाजीरावांच्या थोरल्याचं नाव पुन्हा आजोबांवरून बाळाजी, आणि त्याला सगळं जग म्हणालं नानासाहेब. काशीबाईंनी सासऱ्याचं नाव घेऊन मुलाला हाक मारली असेल हे संभवत नाही. एवढ्या मोठ्या पेशव्याचं नाव इतिहासात सुनेच्या अडचणीने गेलं असावं असं म्हणायचा मोह मी आवरत नाही.

नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रिवाजातून तर आपण एक आख्खा काव्यप्रकार काढला. 'नाव घे' म्हणजे उखाणा घे, हे मराठी माणसाखेरीज कुणाला समजावून सांगा बघू. एरवी बंदी, म्हणून सणासमारंभाला यमकात गुंडाळून परवानगी. माझी आजी आजोबांना 'अहो'च म्हणायची. ते गेल्यावर एकदा मतदार यादीतल्या नोंदीसाठी कारकुनाने नाव विचारलं, तर तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. तिने मान डोलावली, बरोबर उत्तर दिल्यासारखी.

डी, एन, वाय

चाकण चौकात कंपनीची बस थांबते तिथल्या वडापावच्या गाड्यावर संध्याकाळी पोरं गोळा होतात. गळ्यात ओळखपत्रं, काहींच्या गळ्यात त्याखाली तुळशीची माळ. त्या दिवशी सात जण होते, त्यातले तीन ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला गावाकडे घरचे माऊलीच म्हणतात. तिघे एकत्र आले की मग पंचाईत. इथे त्यांची वाटणी झाली होती: पेंटशॉपवाला माऊली, जालन्याचा माऊली आणि बुलेटवाला माऊली.

"कंपनीत काय म्हणतात?" मी विचारलं. सगळे हसायला लागले. इंग्रजीत ज्ञानेश्वर लिहायचं म्हणजे डी, एन, वायने सुरुवात. मराठी माणूस 'ज्ञ'चा उच्चार द्न्य करतो, म्हणून तसं स्पेलिंग. हिंदीवाले ग्य म्हणतात. मुळात अक्षर ज् आणि ञ यांच्या जोडाचं. दोघेही चूक, दोघेही बरोबर. पण बिहारकडून आलेला सुपरवायझर कार्डावरचं वाचतो आणि हाक मारतो, "ए डन्यानेश्वर!" दोन महिने त्याने प्रयत्न केला. आता 'डीएन' म्हणतो. "मी पण 'ओ' देतो," जालन्याचा माऊली म्हणाला. "घरी सांगितलं नाही अजून."

कागदावरच्या नावाचा त्रास थोरल्या पिढीला वेगळा. एका निवृत्त कामगाराने मला पिशवीतून कागद काढून दाखवले. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानू, सातबाऱ्यावर ज्ञानदेव, आधारवर ज्ञानेश्वर, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात ज्ञानोबा, आणि तेही एका अक्षराने चुकलेलं. चौघांचे पैसे एकाला मिळवायचे तर स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं की ज्ञानू ऊर्फ ज्ञानदेव ऊर्फ ज्ञानेश्वर ऊर्फ ज्ञानोबा ही एकच व्यक्ती आहे. नाहीतर राजपत्रात जाहिरात. (हा 'ऊर्फ'ही अरबी. हैबतबाबांच्या बरोबरच आला असावा.) मंदिरात ही सगळी नावं एका दमात घेतली तरी देवाला पत्ता लागतो. खिडकीवर लागत नाही. "सातशे वर्षं चाललं," ते म्हणाले, "संगणकात नाय चालत."

खिडकीवरचं दुसरं नवं म्हणजे आईचं नाव. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आता मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. ज्या बारशाला मी गेले त्या मुलीचं पूर्ण नाव चार शब्दांचं. बापाला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. फॉर्मच्या चौकटीत मावत नाही एवढीच तक्रार. रशियात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात, आपल्यासारखंच. आइसलँडमध्ये बहुतेकांना घराण्याचं आडनावच नसतं, कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी एवढंच लावतात आणि टेलिफोनची यादीही पहिल्या नावाने लागते. आपल्याकडे आईचं नाव लावणं नवं आहे असंही नाही. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलाच्या पराक्रमाचा. अर्थात नावात आई आली तरी गादी बापाकडून मुलाकडेच जायची, तेव्हा फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. चाळीतल्या त्या आईला मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "माझं नाव लग्नाच्या पत्रिकेनंतर आत्ता छापलं."

तांदळाचं ताट

आळंदीला लग्नासाठी येणारे लोक दर्शनाला येणाऱ्यांइतकेच पक्के. गल्लोगल्ली मंगल कार्यालयं, धर्मशाळा, 'विवाह नोंदणी करून मिळेल' असे फलक. थाटाची लग्नं होतात आणि चार मित्र, दोन साक्षीदार, आधारकार्डाच्या झेरॉक्स एवढ्यावरची पळून आलेलीही होतात. मी गेले तो चातुर्मास. पंचांगात नियमित मुहूर्त नव्हते, पण काढीव मुहूर्त असतात आणि इथले गुरुजी ते काढतात.

दुपारी साडेबाराचं लग्न. मुलगी नांदेडकडची, मुलगा चाकणला फिटर. तिच्या बाजूने एक मैत्रीण आलेली, बाकी कुणी नाही. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली. मग गुरुजींनी स्टीलचं ताट पुढे ओढलं, पिशवीतून तांदूळ ओतले, हाताने सारखे केले. "लिहा," मुलाला म्हणाले. अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं.

आपल्याकडे हे ताट फार जुनं आहे. कल्याणच्या एका यमुनेचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. अमेरिकेत जाऊन डॉक्टर होणारी आनंदीबाई जोशी. दुसऱ्या एका यमुनेची रमा झाली, रमाबाई रानडे. दोन यमुना दोन घरांत शिरल्या आणि नदीचं नाव दारातच राहिलं. कायद्याने बाईला लग्नानंतर नाव बदलणं बंधनकारक नाही, तेव्हाही नव्हतं. माझ्या लग्नात नवऱ्याने तांदळात माझंच नाव लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले होते, "अहो, हे तर जुनंच." आणि मागून कुणीतरी, "शुद्धलेखन तरी बघा."

मुलाने अंगठी धरली आणि थांबला. मुलीकडे बघितलं. "काय लिहू?"

मैत्रीण हसली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. एकला दुसरं लग्न होतं, माणसं जिन्यात उभी होती. मुलगी हळूच काहीतरी म्हणाली. पंख्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तो वाकून लिहायला लागला, तीन अक्षरं, दुसऱ्याला काना देताना तांदूळ सरकले म्हणून परत सारखे केले आणि पुन्हा लिहिलं. मैत्रिणीने मोबाइलवर फोटो काढला. "झालं? वाचा मोठ्याने," गुरुजी म्हणाले. त्याने वाचलं. मुलीने 'ओ' दिली, सगळे हसले.

गुरुजींनी ताट उचललं, कडेने तिरपं केलं आणि तांदूळ पुन्हा पिशवीत ओतले. जिन्यातून आवाज आला, "माऊली, आमचं घ्यायचं का?"